‘घर निर्जंतुक करावे’ : पण कोणी?

(मुरुड येथे किनाऱ्यावरच्या गावांतील महिला मंडळं, बचत गट आणि आशा कार्यकर्त्या यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला आज विषय दिला आहे तो असा : घरात कोणाला संसर्गजन्य आजार झाला तर त्याची काळजी घेताना घर निर्जंतुक कसं ठेवायचं. विषय साधा वाटतो. बादली, फडकं, ब्लीच, संपलं. पण तुमच्यातल्या ज्यांनी हे काम केलं आहे, त्यांना विचारा ते किती साधं आहे.

आरोग्याचं कुठलंही पत्रक घ्या. रुग्णाची खोली रोज पुसावी, कपडे वेगळे धुवावेत, भांडी गरम पाण्याने घासावीत, अशा धर्तीची वाक्यं त्यात असतात. सूचना बहुतेक बरोबर असतात. पण या वाक्यांना कर्ताच नाही. ‘पुसावी’ म्हणजे कोणी पुसावी? पत्रक लिहिणाऱ्याला ते लिहावंसं वाटत नाही, कारण उत्तर त्याने गृहीत धरलेलं असतं. आपणही ते गृहीत धरतो. म्हणून मी आज दोन्ही बोलणार आहे. काम कसं करायचं तेही, आणि ते कोणाच्या अंगावर पडतं तेही.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा वेळ कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोबदल्याच्या घरकामात घालवतात, पुरुष ९७ मिनिटं. आणि असं काम करणारे मुळात किती? स्त्रियांमध्ये शंभरातल्या ८१, पुरुषांमध्ये शंभरातले २६. ही साथीच्या आधीची, साध्या दिवसांची गोष्ट आहे. घरात एक जण अंथरुणाला खिळला की या पाच तासांवर आणखी किती तास चढतात, ते तुम्हीच मला सांगाल. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. घरोघर जाऊन तपासणी केली ती आशांनी आणि अंगणवाडी सेविकांनी. घराच्या आत जबाबदारी घेतली ती तिथल्या बाईने. घोषणेतला ‘माझे’ हा शब्द दोन्हीकडे बाईनेच उचलला.

आधी रोगाची वाट ओळखा

थोडं मागे जाऊ या. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे निघाले, जसे २०२० मध्ये आपले चाकरमानी निघाले. सरकारने घरं निर्जंतुक करण्याची मोठी मोहीम काढली. घरांत कार्बोलिकचं पाणी मारलं, भिंतींना चुना फासला, ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवली, लोकांचे कपडे आणि सामान जाळलं. पुण्यात रँडच्या अमलाखाली सोल्जर घराघरांत शिरले. बायांची तपासणी कशी झाली, त्यांचा किती अपमान झाला, यावर तेव्हा मोठा क्षोभ उसळला. पंडिता रमाबाईंनी १८९७ साली ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची जी दुर्दशा होते ती चव्हाट्यावर मांडली. तो प्रश्न थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेला.

एवढं सगळं धुऊन, जाळून, उपटून प्लेग थांबला का? नाही. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसात येतो हे सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवलं, आणि ते सर्वांना पटायला आणखी काही वर्षं गेली. तोवर लोकांची घरं धुतली गेली, आणि उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिले.

त्याच साथीत, पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपण त्यांच्या त्यागाला वंदन करतो, ते करायलाच हवं. पण आपण कार्यकर्त्या आहोत, म्हणून दुसरंही लक्षात ठेवू या. शुश्रूषा करणाऱ्या बाईचं रक्षण कसं करायचं, हे त्या वेळी कोणालाही माहीत नव्हतं. आज माहीत आहे. तेव्हा आजच्या बाईकडून त्यागाची अपेक्षा धरण्याचं काहीच कारण नाही.

आणि १२३ वर्षांनी काय झालं? मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशात बरेलीला घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचे फवारे मारले. त्यात बायका होत्या, लेकरं होती. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला १८ एप्रिलला पत्रक काढावं लागलं, की माणसांच्या अंगावर असा फवारा मारू नका, त्याने अपाय होतो. आपल्याकडेही रस्ते, गाड्या, दारं फवारली गेली. घरातल्या बायांनी भाजी साबणाने धुतली, दुधाच्या पिशव्या धुतल्या, नोटा उन्हात वाळवल्या. पुढे कळलं की करोना मुख्यतः हवेतून पसरतो आणि वस्तूंना हात लावून होण्याचा धोका त्यामानाने फार कमी आहे. २०२१ पर्यंत हे स्पष्ट झालं होतं. पण ‘खिडकी उघडा’ हे ‘फरशी पुसा’ इतक्या जोरात आपल्याला कोणी सांगितलंच नाही. फरशी पुसण्यात बाईचे तास गेले आणि रुग्ण मात्र बंद खोलीत राहिला.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की रोग कुठल्या वाटेने येतो ते आधी विचारा, मग बादली उचला. डॉक्टरला, आरोग्यसेविकेला थेट प्रश्न करा : हा आजार हवेतून पसरतो, की पाण्या-अन्नातून, की अंगाला अंग लागून? प्रत्येक वाटेची राखण वेगळी.

तीन वाटा

पहिली वाट हवेची. क्षय, करोना, फ्लू, गोवर, कांजिण्या. इथे सगळ्यात मोठं जंतुनाशक म्हणजे वारा. रुग्णाला माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नका. ओटी किंवा पडवी, जिथे समोरासमोर दोन झरोके आहेत, ती जागा द्या. जवळ जाताना रुग्णाने तोंडावर मास्क लावावा आणि तुम्हीही लावा. मिळाला तर एन-९५. क्षयाच्या रुग्णाची थुंकी झाकणाच्या डब्यात घ्यावी, डब्यात फिनेलचं किंवा ब्लीचचं पाणी असावं, आणि नंतर ती संडासात टाकावी किंवा पुरावी. क्षयाचे जंतू उन्हात मरतात, म्हणून गादी-उशी उन्हात टाकायची. पण क्षय भांड्यांतून पसरत नाही. ताट-वाटी वेगळी करण्याची काहीच गरज नाही. औषध नियमित सुरू झालं की बहुतेकांचा संसर्ग पहिल्या काही आठवड्यांतच खूप कमी होतो. तेव्हा क्षयाच्या घरातलं खरं निर्जंतुकीकरण म्हणजे रोजची गोळी. ती चुकू न देणं हे दहा वेळा फरशी पुसण्यापेक्षा मोठं काम आहे. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. ज्यांना आजार नाही त्यांनाही प्रतिबंधक उपचार मिळतो, तो मागून घ्या. रुग्णाच्या आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले आहेत. खात्यात आले का, ते बघा.

दुसरी वाट पाण्या-अन्नाची. हगवण, कॉलरा, टायफॉईड, कावीळ. पावसाळ्यात आपल्या विहिरींत वरचं पाणी उतरतं तेव्हा हीच वाट उघडते. इथे वारा कामाचा नाही. इथे साबण, उकळलेलं पाणी आणि संडास. शौचाहून आल्यावर, रुग्णाचं काढल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवायचे. पाणी खळखळून उकळायचं. शक्यतो रुग्णाने स्वयंपाक करू नये. आता मला सांगा, रुग्ण जर घरातली बाईच असेल तर? तिला कावीळ झाली तरी तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे बसलेली मी पाहिली आहे. इथे ‘बाईला विश्रांती द्या’ ही दयेची गोष्ट उरत नाही. सगळ्या घराच्या आरोग्याची ती पहिली अट आहे. आणि गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही गावठी औषधात घालवू नका. काविळीचा ई हा प्रकार गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेततो.

विहिरीत टीसीएल टाकणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे. साधारण हजार लिटर पाण्याला अडीच ते पाच ग्रॅम पावडर लागते. म्हणजे विहिरीत पाणी किती हे आधी मोजावं लागतं. मूठभर अंदाजाने टाकून चालत नाही. शेवटची कधी टाकली, पावडर कधीची होती, हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला हक्क आहे.

तिसरी वाट स्पर्शाची. खरूज, काही त्वचारोग. खरजेला एकट्या रुग्णाला मलम लावून उपयोग नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायच्या. धुता येत नाही ते पिशवीत बांधून तीन दिवस बाजूला ठेवलं तरी किडे मरतात. जुलै महिन्यात, जेव्हा मुरुडमध्ये रुमालसुद्धा वाळत नाही, तेव्हा ही पिशवीची युक्ती लक्षात ठेवा. एवढी गोधडी उकळायला लागणारं सरपण आणि कमरेचं दुखणं वाचेल.

ब्लीचची बादली

आता ब्लीच. उलटी, जुलाब, रक्त सांडलं असेल, संडास किंवा मोरी साफ करायची असेल, तर ते कामाचं आहे. चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम पावडर टाकली की अर्ध्या टक्क्याचं पाणी होतं, ३० ग्रॅम टाकली की एक टक्क्याचं. दुकानातलं बाटलीतलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल, तर एक वाटी द्रावणाला नऊ वाट्या पाणी घातलं की अर्ध्या टक्क्याचं होतं. हे पिण्याच्या पाण्याचं प्रमाण नव्हे. दोन्हींची गल्लत करू नका.

आधी घाण फडक्याने किंवा कागदाने उचला, जागा साबणाच्या पाण्याने धुवा, मग ब्लीचचं पाणी लावून दहा मिनिटं राहू द्या. घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याचा जोर घाणीतच संपतो. शेणाने सारवलेल्या जमिनीचंही तेच. तिथे ब्लीच ओतण्यापेक्षा रुग्णाखाली ताडपत्री घालावी आणि ताडपत्री धुवावी. खराब झालेली माती खरवडून काढावी, पुरावी, आणि पुन्हा सारवावं. पाणी रोजच्या रोज ताजं बनवा. आपल्या दमट हवेत उघड्या पिशवीतली पावडर लवकर मरते. वास गेला, गोळे झाले, म्हणजे ती कामातून गेली. तेव्हा मंडळाने मोठं पोतं आणून वर्षभर पुरवू नये.

आणि हे नीट ऐका. ब्लीचमध्ये संडासाचं ॲसिड कधीही मिसळू नका. दोन्हींचा मिळून विषारी क्लोरीन वायू होतो. एका गावात सासऱ्यांना जुलाब सुरू असताना सुनेने दोन्ही एकत्र ओतलं, जास्त स्वच्छ होईल म्हणून. न्हाणीघराला खिडकी नव्हती. ती खोकत खोकत बाहेर येऊन पडली, आणि पुढे कितीतरी दिवस तिला जिना चढताना धाप लागत होती. बाटलीवर सूचना होती, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. तसंच लघवीच्या भांड्यात थेट ब्लीच ओतू नका, आधी ते रिकामं करून धुवा. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधा. दार-खिडकी उघडी ठेवा. मूल जवळ नको. दम्याच्या बाईने हे काम करू नये.

धुपाने, लोबानाने, कडुनिंबाच्या धुराने मनाला बरं वाटत असेल, त्याला मी काही म्हणणार नाही. पण त्याने जंतू मरत नाहीत, आणि श्वासाचा आजार असलेल्या माणसाला त्या धुराचा त्रासच होतो.

जिथे खोलीच नाही

पत्रकं सांगतात, रुग्णाला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडास द्या. एकदऱ्यात, राजपुरीत, कुठल्याही कोळीवाड्यात जाऊन बघा. भिंतीला भिंत लागलेली, एका खोलीत सहा माणसं. आदिवासी वाडीवर तर पाण्याचा हंडाच डोक्यावरून येतो. तिथे ‘दिवसातून वीस वेळा हात धुवा’ म्हणजे कोणाच्या डोक्यावर आणखी किती हंडे, हा हिशेब करावा लागतो.

३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं. मुरुड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात पत्रे उडाले, कौलं फुटली, नारळ-सुपारीच्या वाड्या झोपल्या, कित्येक गावांत अनेक दिवस वीज आली नाही. आणि तेव्हा टाळेबंदीही होती. एकीकडे सांगणं, गर्दी करू नका. दुसरीकडे सगळ्या वस्तीला शाळेच्या एका इमारतीत न्यावं लागलं. छप्पर नाही, पंप बंद म्हणून नळाला पाणी नाही, आणि मुंबईहून आलेला मुलगा विलगीकरणात. त्या आठवड्यात बायांनी जे निभावलं त्याची नोंद कुठल्या पंचनाम्यात नाही. पंचनाम्यात पत्रे मोजले गेले, झाडं मोजली गेली.

पुढे मे २०२१ मध्ये सरकारने राज्यातल्या १८ जिल्ह्यांत घरचं विलगीकरण बंद करायचं ठरवलं, त्यात रायगडही होता. म्हणजे सरकारनेच मान्य केलं की प्रत्येक घरात वेगळं ठेवण्याची सोय होऊ शकत नाही. हे आपण पुढच्या साथीपर्यंत विसरता कामा नये. खोली नसेल तर गावात सार्वजनिक जागा हवी, तिथे पाणी हवं, बायांना वेगळा संडास हवा, कडी लागणारं दार हवं. नाहीतर बाई तिथे जाणारच नाही. ती आजार लपवेल.

स्वच्छता आणि सोवळं

एक धोका मात्र आपल्या आतलाच आहे. स्वच्छतेच्या नावाखाली आपण माणसालाच विटाळ ठरवतो. क्षयाच्या सुनेचं ताट वेगळं होतं, मग अंथरूण, मग तिला माहेरी पाठवलं जातं, ‘बरी होऊन ये’ म्हणून. तिचं मूल सासरीच राहतं. नवऱ्याला क्षय झाला तर त्याला कोणी त्याच्या सासरी पाठवत नाही. त्याची बायको त्याची थुंकी काढते.

कायद्यानेही हेच केलं होतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांत होतं. तो पूर्ण बरा होतो हे कळूनही ते कितीतरी वर्षं राहिलं आणि २०१९ साली काढलं गेलं. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा आहे, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला राहत्या घरातून हाकलता येत नाही, असं तो सांगतो. एचआयव्ही एकत्र जेवल्याने, एका संडासाने, एका अंथरुणाने होत नाही. तिथे घर धुण्याचा प्रश्नच नाही. नवरा गेल्यावर ‘घर शुद्ध करायचं’ म्हणून विधवेला बाहेर काढतात तेव्हा डोळा खोलीवर असतो, जंतूंवर नसतो. अशी बाई तुमच्याकडे आली तर तिला हा कायदा सांगा, आणि तिच्यासोबत त्या घरापर्यंत चालत जा.

करणारीची काळजी

शुश्रूषा करणारी बाई सगळ्यात शेवटी जेवते, सगळ्यात कमी झोपते, आणि आजाराच्या सगळ्यात जवळ असते. तेव्हा साधे नियम करू या. एका रुग्णामागे दोन माणसं असावीत, पाळी लावून. दोघांतला एक पुरुष हवा. आपले पुरुष बोटीवर आठ-आठ दिवस राहतात, तिथे भात रांधतात, भांडी घासतात, डेक धुतात. घरी आल्यावर ते काम त्यांना येत नाही असं नसतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि नेमके तेव्हाच साथीचे दिवस असतात. हातात वेळ आहे, कामाची सवय आहे. शिकवायला काही उरत नाही, फक्त सांगायचं उरतं. कांजिण्या पूर्वी झाल्या नसतील अशा गरोदर बाईने कांजिण्यांच्या रुग्णाजवळ जाऊ नये. आणि बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचे शुश्रूषेत बुडालेले दिवस हे बुडालेलं उत्पन्न आहे. बचत गटाने त्या महिन्याच्या हप्त्याची मुदत वाढवून द्यावी.

समोर आशा बसल्या आहेत. दुसऱ्यांच्या घरातली साथ थोपवणाऱ्या या बायांना २०२१ च्या जूनमध्ये मानधनासाठी संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये करोना भत्ता कबूल झाला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा सन्मान केला. सन्मान चांगला आहे. पण हातमोजे, मास्क आणि वेळेवर पैसे हाही सन्मानच आहे, आणि तो आधी मिळायला हवा.

आता काय करायचं

पुढच्या बैठकीत प्रत्येक मंडळाने चार गोष्टी ठरवाव्यात. एक, गावातल्या विहिरी, टाक्या आणि टीसीएलची नोंद ग्रामपंचायतीकडून मागावी. दोन, साथीच्या वेळी कुठली जागा विलगीकरणाला वापरायची ते आत्ताच ठरवून तिचे संडास आणि पाणी तपासावं. तीन, ब्लीचची मापं आणि ‘ॲसिड मिसळू नका’ ही सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि चित्रांसह भिंतीवर लिहावी, आणि ती बाप्यांच्या बसण्याच्या जागीही लिहावी. चार, घरात रुग्ण आहे असं कळल्यावर मंडळाची एक बाई तिथे जाईल आणि रुग्णाची चौकशी करण्याआधी विचारेल, की त्याचं करणारी कोण आहे, आणि ती काल रात्री झोपली का?

हे भिंतीवर लिहाल तेव्हा वाक्यांना कर्ता द्या. ‘घर पुसावे’ असं लिहू नका. ‘आज मोठा मुलगा पुसेल, उद्या बाबा’ असं लिहा.